विद्यार्थी चॅटबॉटपाशी मन मोकळे करतात. शिक्षकांनी काय करावे?

प्रश्न (प्राध्यापिका, अभियांत्रिकी)
मी प्रथम वर्षाच्या वीस विद्यार्थ्यांची पालक-शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने मला तिचा मोबाइल दाखवला. रात्री अडीच वाजता तिने चॅटजीपीटीला लिहिले होते, 'दोन विषय राहिले, घरी कसे सांगू?' उत्तर समंजस होते. आधी आईशी बोलावे, असेही त्यात सुचवले होते. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली, हे त्या यंत्राला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. असा वापर थांबवावा का?

उत्तर (समुपदेशक)
ही ओढ नवी नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठातील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तेव्हा तो कसा तयार झाला हे जवळून पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीही त्याच्याशी थोडाच संवाद झाल्यावर वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी करताना स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखण्यावर भर दिला. चॅटबॉटला मात्र सांगितलेले तेवढेच कळते. जो मुलगा काहीच लिहीत नाही, जेवणाच्या सुट्टीत एकटाच वर्गात बसून राहतो, तो शिक्षकालाच दिसू शकतो.

उत्तर (एम.ए.ची विद्यार्थिनी)
कृपया बंदी घालू नका. आमच्याकडे समुपदेशन कक्ष कार्यालयासमोरच आहे. आत कोण गेले, हे शुल्क भरायच्या रांगेतल्या सगळ्यांना दिसते. शिवाय तो अकरा ते एक एवढाच वेळ उघडा असतो आणि वसतिगृहात जीव घाबरा होतो तो रात्री.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक)
शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. प्राचार्यांना तसे लेखी कळवा आणि कक्षाची जागाही बदलून मागा. रात्रीसाठी 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो आणि विनामूल्य आहे. तुमचे म्हणाल, तर जर्नल तपासताना सही करण्याआधी प्रत्येकाशी पाच मिनिटे बोला. त्या वेळी मुले समोर बसलेलीच असतात, मुद्दाम बोलावल्यासारखे वाटत नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. प्राचार्यांना पत्र दिले. त्या मुलीची जर्नल गुरुवारी तपासायची आहे. तिला मी सर्वांत शेवटची वेळ दिली आहे, म्हणजे मागे कोणी ताटकळत उभे राहणार नाही.