मदत हवी आहे: मुलाची टीम दर वेळी थोडक्यात हरते, घरी येताना त्याच्याशी काय बोलू?

नमस्कार. मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. मुलगा आठवीत आहे, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधोमध, खेळतो. क्रिकेटच्या गावात फुटबॉल कुठून शिरला हे विचारू नका, आमच्या घरात त्यावरून पुरेसं झालंय.

या हंगामात सहा मॅच झाल्या. एक बरोबरीत सुटली, पाच हरले. दणकून हरले असते तर हा धागा काढलाच नसता. 1-0, 2-1, 1-0, 3-2 आणि एक बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटवर. मी बँकेत आहे, आकडे लिहून ठेवायची खोड आहे. फोनमधल्या नोंदी बघताना लक्षात आलं की पहिल्या चारही मॅचमधला घातकी गोल शेवटच्या सात-आठ मिनिटांत बसलाय. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ असतात. चाळीस मिनिटं पोरं तोडीस तोड खेळतात. मग कोणीतरी घाबरून बॉल भिरकावतो, तो नेमका समोरच्याच्या पायात पडतो, आणि झालं.

3-2 च्या मॅचमध्ये शेवटचा गोल माझ्या मुलाच्या पायाला लागून आत गेला. चिमणबागेहून निघालो तेव्हापासून स्कूटरवर मागे चिडीचूप. राजवाड्यापाशी थांबून विचारलं, जलेबी घ्यायची का? "नको." इंदूरचं पोरगं जलेबीला नको म्हणालं, यावरून काय ते समजा.

सगळं करून पाहिलं. "छान खेळलास" म्हटलं तर "हरलो ना पण" येतं. "जाऊ दे रे, खेळ आहे" म्हटल्यावर त्याने ज्या नजरेने पाहिलं, ती विसरणार नाही. गप्प बसले तर आई रागावलीय असं त्याला वाटतं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्यांच्या परीने समजूत घातली. होळकरांचा संघ रणजीच्या दहा फायनल खेळला, त्यातल्या सहा हरला. 1945 साली मुंबईविरुद्ध मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक ठोकलं, आपल्याकडून खेळणारा इंग्लंडचा कॉम्प्टन 249 वर नाबाद राहिला, तरी 374 धावांनी हरलो! चिरंजीव म्हणाले, "आबा, हे थोडक्यात हरणं कुठाय?" मग आबांनी 1955 ची फायनल काढली. इथेच इंदूरला, मद्रासकडून 46 धावांनी. "मग पुढच्या वर्षी?" "पुढच्या वर्षी होळकर संघच उरला नाही, मध्य भारत झाला." झालं सांत्वन.

दुसरी अडचण सरांची. माणूस चांगला आहे, पण बाकावरच्या तीन पोरांना उतरवतच नाहीत. ती बिचारी पाणी वाटतात. पालकांच्या ग्रुपवर "सर बदला" सुरू झालंय, मला त्यात पडायचं नाही. पण एकटीने जाऊन बोलावं का? की आईने खेळात नाक खुपसू नये? (बाहेरून "काढ, बाहेर काढ!" ओरडण्यात मी सर्वांत पुढे असते, हेही कबूल करून टाकते.)

निवृत्त_पीटी:
ताई, मी ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकलो, नंतर नोकरीभर शाळेत पीटी घेतली. शेवटच्या मिनिटांतले गोल पोरांच्या जिद्दीचा प्रश्न नाही, पायांचा आहे. दमलेला डिफेन्स नकळत मागे सरकत आपल्याच गोलपाशी येतो, हाफ, म्हणजे मधल्या फळीतली पोरं, वर राहतात, मधली जागा समोरच्यांना आंदण. तिथून "काढ" म्हणून मारलेला बॉल त्याच मोकळ्या जागेत पडतो. म्हणून आधी तुम्ही ओरडणं थांबवा. बॉल साइडला, टचलाइनकडे काढायचा असतो, मधोमध नाही.

त्यात गोल मोठ्यांचा, 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. तेरा वर्षांच्या गोलीचा हात बारपर्यंत पोचतो का बघा. लहान मुलांसाठी गोल लहान करायची, वेळ कमी करायची, बाहेर आलेल्या खेळाडूला परत आत घ्यायची मुभा नियमांत आहे, पण ती स्पर्धेने स्वीकारावी लागते. तुमच्या स्पर्धेत परत-बदली चालते का, एवढंच सरांना विचारा. चालत असेल तर ती तीन पोरं मध्ये दहा मिनिटं खेळतील आणि तुमचा स्टॉपर ताज्या पायांनी परत येईल. मॅचच्या दिवशी नाही, मधल्या वारी प्रॅक्टिस संपल्यावर जा. एकट्याच जा, ग्रुपचा विषय काढू नका.

मुलाला परतताना पाणी द्या, खायला द्या, विषय त्याला काढू द्या. त्याने काढलाच तर एवढंच सांगा: जो स्टॉपर वेळेवर पोचतच नाही, त्याच्या पायाला लागून गोल जात नाही. आणि फुटबॉलच्या नोंदींत पेनल्टीवर गेलेली मॅच बरोबरीत धरतात. फोनमध्ये दुरुस्ती करा, पाच नाही, चार हरलात.

सराफ्याचा_भुकेला:
जलेबीला नाही म्हणाला? भिया, मामला गंभीर आहे. पुढच्या वेळी कचोरी विचारून बघा.

धागाकर्ती:
दोघांनाही धन्यवाद. नोंद दुरुस्त केली.

बुधवारी सरांना भेटले. परत-बदली चालते, त्यांना माहीतही होतं. मग उतरवत का नाहीत? तर बाकावरच्या तिघांपैकी दोघांकडे स्टडचे बूटच नाहीत, कॅनव्हासच्या बुटांवर ओल्या मैदानात घसरतात, पाय मोडला तर कोण बघणार? हे ग्रुपवर एकालाही माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी प्रत्येक मॅचला हजर!

शनिवारी पुन्हा हरले, 2-1. येताना मी गप्प राहिले. महू नाक्याच्या सिग्नलला तोच म्हणाला, "आई, तू कॉर्नरला डोळे मिटतेस. मला तिथून दिसतं." मी म्हटलं, बरं, नाही मिटणार. मग म्हणाला, भूक लागलीय.

आता खरी मदत हवीय: इंदूरमध्ये कोणाच्या घरी मुलांचे लहान झालेले स्टड पडून असतील तर निरोप करा. एकाचा नंबर चार, दुसऱ्याचा पाच. पुढची मॅच रविवारी आहे.