गावात सलोखा समिती नेमताना प्रत्येकाचे धर्मस्वातंत्र्य कसे जपावे?

वारणाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या आमच्या गावात मराठा, धनगर, जैन, मुस्लिम आणि बौद्ध कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. मोहरमात पीर बसतात तेव्हा नवस बोलणाऱ्यांत आणि पंजे उचलणाऱ्यांत हिंदू घरांतील माणसे असतात, आणि ग्रामदैवताच्या यात्रेत मुस्लिम घरांचा मान ठरलेला आहे. अलीकडे एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी रविवारी प्रार्थना होते आणि तिला शेजारच्या गावांतूनही काही जण येतात.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील मजकुरावरून जो हिंसाचार घडला, त्याची धास्ती आमच्याकडे अजून गेलेली नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत सलोखा समिती नेमण्याचा विचार आहे. तरुणांनी जो मसुदा तयार केला आहे, त्यात 'एक गाव एक गणपती' करून प्रत्येक घराने ठरलेली वर्गणी द्यावी, सांगली जिल्ह्यातील गोटखिंडीप्रमाणे आपल्याकडेही गणपती मशिदीत बसवावा, सर्व धर्मस्थळांच्या भोंग्यांना एकच नियम लावावा आणि घरगुती प्रार्थनासभेला समितीची परवानगी असावी, असे मुद्दे आहेत. तरुणांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मसुदा वाचून दाखवला तेव्हा बौद्ध वस्तीतील दोन घरांनी वर्गणीला स्पष्ट नकार दिला आणि मुस्लिम जमातीचे ज्येष्ठ सभासद काहीच बोलले नाहीत. ती शांतता मला संमतीची वाटली नाही. सर्वांना बरोबर घेणारी, तरीही कोणाच्या श्रद्धेवर हुकूम न चालवणारी समिती कशी उभी करावी, याबद्दल जाणकारांनी अनुभव सांगावेत.

संगमघाट

मी मूळचा कुरुंदवाडचा. आमच्या गावातील पाच मशिदींत गणपती बसतो आणि वर्तमानपत्रे दरवर्षी त्याचे कौतुक करतात, म्हणून आपल्या तरुणांना ती कल्पना सुचली असावी. परंतु ही प्रथा कोणत्याही ठरावाने सुरू झालेली नाही, हे त्यांना सांगायला हवे. गोटखिंडीतही १९६१ साली गणेशोत्सवात जोराचा पाऊस आला, मूर्ती भिजू लागली, तेव्हा मुस्लिम मंडळींनीच ती मशिदीत आणून ठेवा असे सांगितले. पुढे १९८० पासून ती नियमित प्रथा झाली. पाहुणचार आधी घडला आणि रीत त्यातून पडली.

मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र येण्याचा योगही यामागे आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि त्यात अधिक महिना नसतो, त्यामुळे मुस्लिम सण आपल्या पंचांगातून मागे सरकत जातात आणि साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी दोन-तीन वर्षे लागोपाठ हे दोन्ही सण जवळ येतात. १९८० च्या दशकात ते आले होते आणि २०१८ ते २०२० या काळात पुन्हा आले. तेव्हा पीर आणि गणपती एकाच छताखाली होते आणि प्रत्येकाचा विधी प्रत्येकाने आपल्या पद्धतीने केला.

मला विचाराल तर मशिदीचा मुद्दा मसुद्यातून काढून टाका. यजमानाने बोलावण्याआधी पाहुण्याने मुक्काम ठरवला, तर त्याला पाहुणचार म्हणता येत नाही. उद्या आपल्या गावातील जमातीने आपणहून आमंत्रण दिले तर आनंदाने जावे, आणि दिले नाही तर त्यांची मने कोती आहेत असा अर्थ कोणी काढू नये.

यंत्रमागाचे गाव

समिती कशी असावी याचे महाराष्ट्रातील सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण भिवंडीचे आहे आणि ते थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भिवंडीत भीषण दंगल उसळली आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये तेच शहर पुन्हा जळाले. दोन्ही वेळा शहरात प्रतिष्ठितांच्या शांतता बैठकांना तोटा नव्हता. पुढारी, व्यापारी, मौलवी, मंडळांचे अध्यक्ष सणाच्या आधी पोलीस ठाण्यात जमत, भाषणे होत, चहा होई आणि सर्व जण घरी जात. ज्या गल्लीत दगड पडायचा, त्या गल्लीतले कोणीही त्या बैठकीत नसे.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी ही रचना उलटी केली. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या, त्यांत पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतील साधी माणसे घेतली आणि त्या भागात रोज फिरणाऱ्या पोलीस शिपायाला समितीशी जोडले. समितीने वर्षभर भेटायचे होते, सण असो वा नसो. बैठकांत धर्माची चर्चा क्वचितच होत असे. तुंबलेले गटार, घरमालक आणि भाडेकरूचे भांडण, नवऱ्याची मारहाण, मुलांची किरकोळ मारामारी असे विषय तेथे येत, आणि ते सोडवता सोडवता अन्सारी कामगार, कोकणी मुस्लिम, तेलुगू पद्मशाली आणि आगरी-मराठा घरांतील माणसांना एकमेकांची नावे, पत्ते आणि स्वभाव कळले. अफवा आली की कोणाला विचारायचे हे ठाऊक असले, तर ती निम्मी तेथेच विरते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली, आणि दोनदा जळालेली भिवंडी त्या काळात शांत राहिली. मुंबईनेही पुढे १९९४ पासून मोहल्ला समित्यांची चळवळ उभारली. तीत माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांचा मोठा वाटा होता. पोलीस आणि वस्त्यांतील मुलांचे क्रिकेट सामने हा त्या चळवळीचाच एक भाग.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून भिवंडीत आंदोलन चिघळले, गोळीबारात दोन जण आणि नंतर जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मृत्युमुखी पडले. माझे मत असे की, अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी राहिलेली समिती तो अधिकारी गेल्यावर कागदावर उरते, म्हणून तिचा कणा गावकऱ्यांचा हवा. आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आपल्या गावातही तंटामुक्ती समिती आणि पोलीस पाटील असतीलच. नवी समिती नेमण्याआधी तीच जागी करता येईल का, ते पाहावे. बांधावरची भांडणे मिटवण्याचा सराव असलेल्या माणसांचे म्हणणे मिरवणुकीच्या वेळीही ऐकले जाते.

तालुका वकील

मसुद्यातील वर्गणी, भोंगे आणि प्रार्थना या तीन मुद्द्यांपुरते कायद्याने काय म्हणता येते, तेवढे लिहितो.

ग्रामपंचायत ही स्थानिक प्राधिकरण असल्यामुळे संविधानाच्या अनुच्छेद १२ प्रमाणे ती 'राज्य' या संज्ञेत येते आणि मूलभूत हक्क तिला बांधील ठेवतात. बहुमताने संमत झालेला ठरावही या हक्कांच्या वर जाऊ शकत नाही. अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत, पण 'आम्हाला आवडत नाही' ही त्यांतली मर्यादा नाही. म्हणून घरात शांतपणे चाललेल्या प्रार्थनेला समितीची परवानगी लागेल, असे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. बाहेरगावचे लोक येतात म्हणून तो निर्माण होत नाही, कारण आपल्या भजनाला आणि उरुसालाही बाहेरगावचे लोक येतातच. फसवणूक किंवा जबरदस्ती होत असल्याची ठोस तक्रार असेल, तर तिची जागा पोलीस ठाणे आहे.

वर्गणी ही देणाऱ्याच्या इच्छेवर असते. ती सक्तीने घेणे हा गुन्हा ठरू शकतो आणि ती न भरणाऱ्याचा दाखला किंवा नळजोडणी अडवणे तर पूर्णपणे बेकायदा आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हेही तरुणांच्या कानावर घालावे.

भोंग्यांचा मुद्दा मात्र सर्वांना सारखाच लागू असल्यामुळे सोपा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर वाजवता येत नाही आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. चेन्नईतील एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे की, इतरांची शांतता भंग करणारा ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माच्या प्रार्थनेचा आवश्यक भाग नाही. नियम आधीच आहेत, ठरावाची गरज नाही. गरज आहे ती मंदिर, मशीद, लग्नाचा मांडव आणि डीजे या सर्वांना ते सारखे लावण्याची.

चैत्यभूमीचा वाटसरू

वर्गणी नाकारणाऱ्या त्या दोन घरांबद्दल लिहिणे मला महत्त्वाचे वाटते, कारण अशा नकाराला गावात लगेच 'आडमुठेपणा' म्हटले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या कुटुंबाने ती मनापासून घेतली, त्याच्यासाठी पन्नास रुपयांची पावतीसुद्धा श्रद्धेचा प्रश्न असतो. आपल्या उत्सवाचा अपमान करण्याचा हेतू त्यात मुळीच नसतो. हेच कुटुंब रक्तदान शिबिराला, पाण्याच्या टाकीला किंवा शाळेच्या खोलीला आनंदाने पैसे देईल. केरळमधील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले गेले, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालय त्या मुलांच्या बाजूने उभे राहिले. सहभागी न होता आदर राखता येतो, एवढे आपल्या समितीने मान्य केले तरी बौद्ध वस्ती तिच्याबरोबर येईल असे मला वाटते.

वारणाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मशिदीचा, वर्गणीच्या सक्तीचा आणि प्रार्थनेच्या परवानगीचा असे तिन्ही मुद्दे काढावेत, असे मी तरुणांना सांगणार आहे. तंटामुक्ती समितीची कल्पना त्यांना पटेल. एक शंका राहते. समितीत मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांतून कोणाला घ्यावे? आतापर्यंत जमातीचे अध्यक्ष जे सांगतील तेच संपूर्ण समाजाचे मत धरले गेले आहे.

उर्दू शाळेतील बाई

या शंकेचे उत्तर द्यावे म्हणूनच लिहिते आहे. अध्यक्षांना जरूर घ्या, पण त्यांच्याबरोबर रोज मजुरीला जाणारा एखादा तरुण, बचत गटातील दोन स्त्रिया आणि त्या ख्रिस्ती घरातील आई यांनाही घ्या. तणावाच्या दिवशी मुले कुठे आहेत, कोणाच्या मोबाइलवर काय आले आणि कोण घाबरले आहे, हे सर्वांत आधी घरातील बाईला कळते, आणि तिलाच बैठकीला बोलावले जात नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. आषाढी एकादशी आणि बकरी ईद २९ जून २०२३ रोजी एकाच दिवशी आली, तेव्हा पंढरपुरात आणि इतर अनेक गावांत मुस्लिमांनी कुर्बानी पुढे ढकलली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्यावर अनेक ठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला गेला आणि शासनाने सुट्टीही २९ तारखेला नेली. हे निर्णय मनापासून घेतलेले होते आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण जे एकदा प्रेमाने दिले, ते पुढच्या वर्षी हक्क म्हणून मागितले जाऊ लागले की देणाऱ्याचे मन आखडते. म्हणून दोन सण एकत्र येतील त्या वर्षी दोन्ही बाजूंनी काही महिने आधी बसून मार्ग, वेळ आणि स्वयंसेवक ठरवावेत, आणि कोण थांबेल हा प्रश्न दरवेळी एकाच समाजापुढे ठेवू नये.

आपल्या जमातीतील ज्येष्ठ गप्प बसले, असे आपण लिहिले आहे. ग्रामसभेच्या आधी त्यांच्या घरी जाऊन एकट्याने विचारा. शंभर माणसांसमोर 'नको' म्हणणे कमी संख्येच्या माणसाला फार अवघड जाते. ख्रिस्ती कुटुंबाकडेही तसेच जा, आणि जमल्यास मसुद्याची नवी प्रत बरोबर न्या.