गोंपा, मठ की विहार?

कर्नाटकातल्या मुंडगोडच्या प्रवासावर लिहितेय. तिथल्या तिबेटी वसाहतीत भिक्खू राहतात, शिकतात त्या द्रेपुंग, गांदेन यांना मराठीत काय म्हणावं? वर्तमानपत्रांत ‘बौद्ध मठ’ असतं, लडाख करून आलेले ‘गोंपा’ म्हणतात. मला ‘विहार’ आवडतो, शब्द आपलाच आहे.

— आपला आहे म्हणूनच अडचण. अजिंठ्यातही विहार आहेत, पण 1956 नंतर आपल्याकडे विहार म्हटलं की वस्तीतलं बुद्धविहार आणि तिथली वंदना आठवते. हजारो भिक्खू राहतात, शिकतात, वाद घालतात ती जागा डोळ्यांपुढे येत नाही. ‘मठ’ लिहा. गुरू-शिष्य, पंगत, गादी, सगळं त्यात येतं.

— ‘गोंपा’ इतक्यात सोडू नका. तिबेटी लिपीत अक्षरं ‘द्गोन-पा’ अशी पडतात, सुरुवातीचा द मुका. संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेणाऱ्यांनी हा शब्द ‘अरण्य’साठी वापरला, विहाराला त्यांनी ‘त्सुग्लाखांग’ केलं. धरमशाळेजवळच्या मॅक्लिओडगंजमधलं दलाई लामांचं मंदिर त्याच नावाने ओळखतात. म्हणजे गोंपा ही गावापासून लांबची जागा. लडाखमधल्या हेमिसला शोभतो.

— मुंडगोडलाही शोभायचा! तिथली वसाहत 1966 ची. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने दिलेली जमीन रानाचीच होती. बंगालमधल्या बक्साच्या जुन्या तुरुंगात दहाएक वर्षं काढलेले भिक्खू तिथे आले आणि झाडं तोडण्यापासून सुरुवात झाली. आता भोवती मक्याची शेतं आहेत, अरण्य शब्दापुरतं.

शिवाय सेरा, द्रेपुंग, गांदेन या तीन मठांना मिळून तिबेटी लोक ‘देन्सा सुम’ म्हणतात, म्हणजे तीन आसनं. वर गादीचा उल्लेख आलाच आहे, तेव्हा ‘पीठ’ अगदी जवळचा. द्रेपुंगमध्ये लोसेलिंग आणि गोमांग ही दोन महाविद्यालयंच आहेत. (द्रेपुंग म्हणजे तांदळाची रास. मूळ ‘धान्यकटक’, आंध्रातल्या अमरावतीचं जुनं नाव.)

— एवढं कशाला? मुंडगोडात ‘लामा कॅम्प’ विचारा, कुणीही वाट दाखवेल. आमच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. नाव नोर्ग्येलिंग, त्यातलं ‘लिंग’ म्हणजे द्वीप, जंबुद्वीपातलं. पण तोंडी सगळे कॅम्पच म्हणतात.

मग शीर्षकात ‘लामा कॅम्प’ ठेवते, मजकुरात मठ, आणि अरण्याची गोष्ट आली की गोंपा. पण तो गोंपा की ते गोंपा?

— तो. ‘हेमिसचा गोंपा’ सर्रास ऐकू येतं. अनेकवचनी ‘गोंपे’ मात्र कानाला खटकतं, तिथे वाक्यच फिरवा.