अनुभव धागा : चर्चच्या शांती शिष्टमंडळातून जाऊन आलात? मग लिहा

आमच्या भायखळ्याच्या मराठी मंडळीतून पाच जण मणिपूरला जायचे आहेत. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चहा घेताना एका आजोबांनी मला गाठलं. म्हणाले, "बाई, तुम्ही तिथं जाऊन करणार काय? बंदुकवाले तुमचं ऐकणार आहेत का?" मी २०२३ च्या डिसेंबरात अशाच एका गटाबरोबर जाऊन आले आहे, तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाटलं, मुंबईत चर्चच्या वतीनं अशा भागांत गेलेली माणसं थोडी नाहीत. कुणी ओडिशातल्या कंधमालला गेलं, कुणी काश्मीरला, कुणी पॅलेस्टाईनला. त्यांनाच विचारावं. काय पाहिलंत, काय चुकलं, परतल्यावर काय केलंत, मोकळेपणानं लिहा. एकच विनंती, तिथल्या माणसांची नावं आणि गावं लिहू नका. आपण परत येतो, त्यांना तिथंच राहायचं असतं.

सुरुवात मीच करते.

इंफाळहून चुराचांदपूर साधारण साठ किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून अंबरनाथ. पण ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी समाजांत हिंसा पेटली, तेव्हापासून खोऱ्यातला मैतेई माणूस त्या टोकाला जाऊ शकत नाही आणि डोंगरातला कुकी माणूस या टोकाला येऊ शकत नाही. चुराचांदपूरच्या माणसाला विमान पकडायचं तर डोंगरांतून मिझोराम गाठून ऐझॉलला जावं लागतं. मधल्या पट्ट्याला तिथं सगळे 'बफर झोन' म्हणतात. आमचा खोऱ्यातला ड्रायव्हर त्या पट्ट्याच्या अलीकडे थांबला, आमच्या बॅगा स्वतः उतरवून दिल्या आणि दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. त्या गाडीचा ड्रायव्हर पंगाल होता, म्हणजे मणिपुरी मुसलमान. दोन्ही बाजू त्याला सोडतात. पुढच्या चौकीवर बायका वही घेऊन बसल्या होत्या. आमची आधार कार्डं त्यांनी उलटून पालटून पाहिली, आडनावं मोठ्यानं वाचली आणि मग दोरी खाली केली.

मी मुंबईहून निघाले तेव्हा हा सरळ हिंदू आणि ख्रिस्ती असा झगडा आहे असं धरून निघाले होते. तिथं गेल्यावर जमीन, अनुसूचित जमातीचा दर्जा, डोंगर आणि खोरं, असं एकेक उलगडत गेलं. मैतेईंमध्येही ख्रिस्ती आहेत, आणि खोऱ्यातली त्यांचीही चर्चं जळली आहेत. चुराचांदपुरात रस्त्याकडेला काळ्या शवपेट्या मांडून ठेवल्या होत्या, रिकाम्या, आठवण म्हणून. आम्ही गेलो त्याच महिन्यात, २० डिसेंबरला, तिथं ८७ मृतदेह एकत्र पुरले गेले. ती माणसं सात महिने मातीची वाट बघत होती.

पण माझ्या मनातून जात नाही ती खोऱ्यातल्या छावणीतली एक मैतेई बाई. माझ्याच वयाची. तिचं घर पलीकडच्या बाजूला होतं. आम्ही उद्या तिकडे जाणार हे कळल्यावर तिनं माझा हात धरला आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "आँगन में तुलसी है. देखना, है कि नहीं." मैतेई घरांसमोर तुळस असते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी हो म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी त्या बाजूला गाडी थांबवायची परवानगी नव्हती. चालत्या गाडीतून मला जळलेल्या भिंती दिसल्या आणि कमरेएवढं गवत. परत येताना छावणीत जायला वेळ उरला नाही. खरं सांगायचं तर मी वेळ काढला नाही.

मुलुंड, निवृत्त परिचारिका

२०१८ च्या ऑक्टोबरात, जैतुनाची तोडणी चालू असताना, मी दहा दिवस वेस्ट बँकेत होते. जेरुसलेमच्या स्थानिक चर्चप्रमुखांनी हाक दिल्यावरून जागतिक चर्च परिषदेनं २००२ मध्ये तिथं एक उपक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक तीन तीन महिने राहायचे, इस्रायलच्या तपासणी नाक्यांवर उभे राहायचे, शाळेत जाणाऱ्या पोरांबरोबर चालायचे आणि दिसेल ते लिहून ठेवायचे. एका पहाटे आम्हाला त्यांच्याबरोबर बेथलेहेमच्या नाक्यावर उभं केलं.

पहाटेचे चार. जेरुसलेमला कामावर जाणारे गवंडी, सुतार, रंगारी लोखंडी जाळीच्या बोळात दाटीवाटीनं उभे होते. मी तीस वर्षं लोकलनं ड्यूटीला गेले, गर्दी मला नवी नाही. पण लोकलमध्ये गर्दी पुढे तरी सरकते. इथं गोल फिरणारं फाटक मध्येच बंद व्हायचं आणि अख्खी रांग गोठायची. एक साठीचा माणूस माझ्या अगदी समोर होता. तपासणी यंत्रात वाजू नये म्हणून कमरेचा पट्टा त्यानं आधीच काढला होता आणि दातांत धरला होता, कारण एका हातात परवाना आणि दुसऱ्यात भाकरीची निळी पिशवी. तसाच तो पाऊण तास उभा होता. माझ्या हातात मोजणी यंत्र दिलं होतं, माणूस गेला की टिक. त्याचा टिक मी दाबला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली, पट्टा दातांतच.

माझ्याबरोबरच्या स्वयंसेविकेनं सांगितलं, बायका, म्हातारी आणि आजारी माणसं यांच्यासाठी वेगळं फाटक आहे. ते वेळेवर उघडलं नाही की आम्ही लष्कराच्या क्रमांकावर फोन करतो, कधी उघडतात, कधी नाही. इतकंच त्यांचं काम. मला ते आधी फार थोडं वाटलं. मग आठवलं, वॉर्डात रात्रपाळीला आम्ही तरी काय करत होतो? दर तासाला ताप बघायचा आणि कागदावर मांडायचा. तो तक्ता नसेल तर सकाळी डॉक्टर कशावर बोलणार?

शेवटच्या दिवशी मी एकटी इस्रायलमधल्या लोदला गेले. आमच्या ओळखीतल्या एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आजी तिथं राहत होत्या, बालपण मदनपुऱ्यात गेलेलं, मूळ गाव अलिबागकडचं. दार उघडताच म्हणाल्या, "ये गं, चपला असू देत." नारळ घातलेले पोहे केले होते. अलिबागचा समुद्र, भायखळ्याचा बाजार, सगळं बोलून झालं. मी बेथलेहेमच्या नाक्याबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा नातू अशाच एका नाक्यावर उभा असतो. रात्री फोन येईपर्यंत मला झोप नसते."

हे मी आमच्या चर्चमध्ये सांगितलं तेव्हा काहींना आवडलं नाही. एक बाजू सांगा म्हणाले. मी दोन्ही सांगितल्या, पुढेही सांगेन. पट्टा दातांत धरलेल्या माणसाचं आणि आजींचं दुःख एका मापाचं आहे असं माझं म्हणणं नाही. रांगेत कोण उभं आहे आणि फाटक कुणाच्या हातात आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आजींचं ऐकलं नसतं तर मी अर्धवट परतले असते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर वेस्ट बँकेतल्या बहुतेक कामगारांचे परवाने थांबवले गेले. तो माणूस आता घर कसं चालवत असेल, हा विचार अजून येतो.

विक्रोळी

मी गेलो नाही. नाव दिलं होतं, पण आईचं ऑपरेशन निघालं. मग माझ्याकडे फोनचं काम आलं. रोज रात्री नऊला गटाकडून एक ठरलेला शब्द यायचा. आला नाही तर दहाला कुणाला फोन करायचा, अकराला कुणाला, याची यादी माझ्या कपाटाला चिकटवलेली होती. तिसऱ्या रात्री नऊला शब्द आला नाही. पावणेदहाला आला, नेट गेलं होतं म्हणून. ती पंचेचाळीस मिनिटं मी गॅलरीत उभा होतो.

त्या दिवसांत मी ख्रिश्चन पीसमेकर टीम्स या संघर्षाच्या भागांत निःशस्त्र जाणाऱ्या संस्थेच्या चौघांबद्दल वाचलं. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांना बगदादमध्ये पळवून नेलं. मार्च २००६ मध्ये त्यांतले टॉम फॉक्स यांचा मृतदेह सापडला, उरलेले तिघे त्याच महिन्यात सुटले. ही माणसं जाण्याआधीच सांगून ठेवतात की आमच्यासाठी खंडणी देऊ नका आणि आम्हाला सोडवायला शस्त्र वापरू नका. आपल्या गटांनी निदान घरच्यांशी बसून हे बोलावं. आमच्याकडे कुणी बोललंच नव्हतं. गटातल्या एकीचे वडील रात्री मला फोन करायचे, तेव्हा मला काय सांगावं कळायचं नाही.

जोगेश्वरी

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो, कारण आमच्याकडे शिष्टमंडळं आली होती.

जानेवारी १९९३, मुंबईची दंगल. मी अकरा वर्षांचा. आमचं घर गेलं आणि आम्ही एका शाळेत राहत होतो. रोज कुणी ना कुणी यायचं. वह्या, कॅमेरे, गळ्यात ओळखपत्रं. सगळे आईला तेच विचारायचे : कधी झालं, किती जण होते, ओळखीचे होते का. आईनं ते इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे ती पाठ केल्यासारखं सांगायला लागली. एकदा मधेच थांबली आणि पुढचं आठवेना, तर मीच सांगून टाकलं. तो दिवस मला अजिबात विसरता येत नाही.

त्यांच्यातच एक सिस्टर होत्या. पहिल्यांदा मोठ्या गटाबरोबर आल्या, नंतर एकट्या. दर गुरुवारी दुपारी, जवळजवळ दीड वर्ष. आम्ही शाळेतून भाड्याच्या खोलीत गेलो तर तिथंही शोधत आल्या. काही विचारायच्या नाहीत. आई लसूण सोलायला बसली की समोर बसून त्याही सोलायच्या. चौथ्या की पाचव्या महिन्यात आई आपणहून बोलली. मला बाहेर पाठवलं होतं, पण पत्र्याच्या आडून सगळं ऐकू येत होतं. तिनं त्या दिवशी जे सांगितलं ते एकाही वहीत गेलेलं नाही.

पुढे शहरात मोहल्ला कमिट्या झाल्या, ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्यासारखे पोलीस अधिकारी त्यात उतरले. दोन्हीकडची माणसं एका खोलीत बसायला लागली. आमच्या भागातल्या बैठकीला आई गेली. सिस्टर नसत्या तर ती उंबरठ्याबाहेर पडली नसती, हे मी खात्रीनं सांगतो. मणिपूरला जाताय ना? पाच दिवसांनंतरच्या गुरुवारांचं काय, ते आधी ठरवा.

अंधेरी, विद्यार्थी

माझ्या हातून चूक झाली आहे, ती लिहितो. एका मदत छावणीत गेलो होतो. एका लहान मुलीनं माझी टोपी घातली आणि हसली. मी फोटो काढला, संध्याकाळी टाकला. मागच्या भिंतीवर शाळेचं नाव होतं, ते मला दिसलंच नाही. दोन दिवसांनी आम्हाला घेऊन फिरलेल्या दादांचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाले, फोटो काढून टाक, त्या कुटुंबाला आज रात्री दुसरीकडे हलवतोय. मी लगेच काढला, पण तोवर तो कितीतरी ठिकाणी गेला होता. पुढे काही वाईट झालं नाही असं दादा म्हणाले. त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही, म्हणून जास्तच लागतं. आता कुठंही गेलो तरी फोन पिशवीच्या तळाशी असतो.

चेंबूर, निवृत्त पाळक

आपल्या देशात हे काम नवं नाही, म्हणून थोडा इतिहास. १९६४ च्या सुरुवातीला नागालँडच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचं अधिवेशन वोखाला भरलं. भारतीय लष्कर आणि सशस्त्र नागा बंडखोर यांच्यातल्या गोळीबाराला लोक विटले होते. तिथल्या चर्च कौन्सिलनं शांती मिशन मागितलं आणि माणसं सुचवली, त्यांत जयप्रकाश नारायण, रेव्हरंड मायकेल स्कॉट आणि आपले शंकरराव देव यांची नावं होती. शेवटी जेपी, स्कॉट आणि आसामचे मुख्यमंत्री चालिहा अशा तिघांचं मिशन झालं. ६ सप्टेंबर १९६४ ला युद्धविराम लागू झाला.

मला यात मोलाचं वाटतं ते हे की बोलावणं तिथल्या मंडळ्यांचं होतं. आणि त्यांनी आपलीच बॅप्टिस्ट माणसं मागितली नाहीत. गांधीवादी मागितले, अँग्लिकन पाळक मागितला. दोन्हीकडचे ज्याच्यासमोर बसतील असा माणूस त्यांना हवा होता. मिशन दोन वर्षांतच मोडलं. स्कॉट यांना १९६६ मध्ये देशाबाहेर पाठवलं. कायमचा तोडगा त्या मिशनला काढता आला नाही. पण मी पुढे कोहिमाला गेलो तेव्हा एका वृद्ध शिक्षिकेनं मला सांगितलं, युद्धविरामाच्या पहिल्या रात्री त्यांच्या आईनं दिवा विझवला नव्हता. उजेड दिसला तरी आता कुणी गोळी झाडणार नाही, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

भायखळ्याच्या ताईंना माझा एकच प्रश्न : तुम्हाला बोलावलंय कुणी?

भायखळा, धागा काढणारी

पाळकसाहेब, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस गप्प होते. खरं आहे, आमचं आम्हीच ठरवलं होतं. काल इंफाळच्या आणि चुराचांदपूरच्या, दोन्हीकडच्या आमच्या ओळखीच्या मंडळ्यांना फोन केले आणि विचारलं, यायला हवंय का, कधी, किती जणांनी. चुराचांदपूरहून उत्तर आलं, दोघीच या, पण पंधरा दिवस राहा. इंफाळचं उत्तर यायचं आहे. म्हणजे पाचांतल्या तिघांना थांबावं लागेल. नऊ वाजताचा फोन कोण सांभाळणार तेही ठरवतोय, विक्रोळीच्या दादांना विचारणार आहे. फोटो कुणी काढणार नाही.

आणि मी छावणीतल्या त्या बाईचा पत्ता काढला. ती अजून तिथंच आहे. फोनवर तिला आवाज ओळखू आला नाही, मग मी म्हटलं, तुलसीवाली दीदी बोल रही हूँ. ती म्हणाली, "देखा था?" मी म्हटलं, गाडी थांबवू दिली नाही, घास बहुत था, तुलसी नहीं देख पायी. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, या वेळी किती दिवस राहणार.