एका हाताने उभा बार उचलायचाय: बार कसला करून घेऊ, सुरुवात किती किलोने?

कृष्णाकाठचा_मास्तर
नमस्कार मंडळी. वय ३७, सांगलीजवळ राहतो, शाळेत शिकवतो. सात-आठ वर्षं जिम करतोय. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा आडवा बार उचलून सरळ उभं राहणं, १६० किलोपर्यंत जाते (मनगट बारला पट्ट्यांनी बांधून, खोटं कशाला बोलू). परवा जिममधल्या एका पोराने जाड पाईप उभा धरला, त्यात खालून प्लेटा ओवल्या होत्या, आणि एका हाताने ५५ किलो मांडीपर्यंत आणले. मला वाटलं, हे तर पोरखेळ. मी ४५ लावले. बार जागचा हललासुद्धा नाही, नुसती मूठ वर सरकत आली. सगळी जिम हसली.

तेव्हापासून डोक्यात हेच. घरी करायचं म्हणतोय. प्रश्न असे: बार कुठल्या मापाचा करून घेऊ, सुरुवात किती वजनाने, आठवड्यातून किती वेळा? बजेट दोन-अडीच हजार. जुन्या प्लेटा आहेत घरी.

उनाड_पाखरू
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात मास्तर, तुमची मात्र ४५ किलोलाच उघडली :)
धाग्याची वाचनखूण साठवतोय. मलाही हवंय हे.

गॅस_कटर
मास्तर, माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि हा नाद मला तीन वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथेच सगळे फसतात.

या प्रकारात जगभर चालणारं माप म्हणजे दोन इंच जाडी, म्हणजे ५०.८ मिमी. आता तुम्ही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "दोन इंची पाईप द्या" म्हणालात तर तो पाण्याचा पाईप देणार, आणि त्याचा बाहेरचा व्यास असतो ६०.३ मिमी. पाण्याच्या पाईपचं नावातलं माप आतल्या पोकळीचं असतं, तेही ढोबळ. दीड इंची मागितलात तर बाहेरून ४८.३ मिमी मिळेल. म्हणजे एक बारीक, एक जाड, हवा तो दोन्हीत नाही. साडेनऊ मिलिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, हातात धरलात की कळेल. ६० मिमीला माझी बोटं आणि अंगठा एकमेकांना भेटतच नाहीत.

मग काय मागायचं? एक तर फर्निचरचा राउंड पाईप, तो बाहेरच्या मापाने विकतात. दोन इंची, जरा जाड गेजचा, म्हणजे जाड पत्र्याचा घ्या. नाहीतर भंगारात दोन इंची भरीव ब्राइट बारचा (गुळगुळीत, नेमक्या मापाच्या पोलादी सळईचा) तुकडा मिळाला तर सोनंच. भरीवचं वजन मीटरला साधारण १६ किलो, म्हणजे फूटभर तुकडा पाच किलोच्या आत. काहीही घ्या, पण जाडी मोजायला खिशात व्हर्निअर घेऊन जा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, तो खोटं बोलत नसतो, त्याचं माप वेगळं असतं एवढंच.

खाली २५ मिमीचा रॉड वेल्ड करून घ्या, कारण आपल्याकडच्या साध्या प्लेटांचं भोक बारीक असतं, त्यात दोन इंची जाणार नाही. तळाला जाड पत्र्याची थाळी, त्यावर प्लेटा बसतील. पकडायचा भाग गुळगुळीत ठेवा, खाचा पाडायला सांगू नका. आणि रंग देऊ नका. वेल्डर हौसेने चांदीचा रंग मारून देतो. ऑइलपेंटवर घामट हात म्हणजे साबणाची वडी. पॉलिश पेपर मारा, वापर झाला की फडक्याने कोरडा पुसा. गंज चढेल थोडा, चढू दे.

कृष्णाकाठचा_मास्तर
गॅस_कटर, दंडवत. उद्याच भंगारवाल्याकडे जातो.
पण मला एक कळलं नाही. डेडलिफ्टला पट्टे सोडून १२० तर मी सहज धरतो. म्हणजे एका हाताला ६० आलेच की. मग ४५ का हलू नयेत?

बैठा_अभियंता
कारण ती पकडच वेगळी, मास्तर. आडव्या बारला बोटांचा आकडा होतो. वजन बोटांवर लटकतं, बोटं उघडली तरच बार सुटणार. उभ्या बारला आकडा नाहीच. वजनाची ओढ बारच्या लांबीच्याच दिशेने, म्हणजे बार मुठीतून सरळ खाली घसरायला मोकळा. त्याला थांबवतं ते फक्त घर्षण. विहिरीतून पोहरा ओढताना ओला दोर हातातून सुटतो, तसं.

हिशेब करून बघा. घर्षणाचा गुणांक (दाबाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा) समजा ०.५ धरला, तर ५० किलो थांबवायला बोटांनी एका बाजूने ५० किलोचा दाब द्यायचा आणि तळहाताने समोरून तेवढाच. गुणांक ०.४ वर आला की तोच दाब साडेबासष्ट किलो लागतो. घाम, तेल, रंग यांची किंमत ही एवढी. तुमच्या त्या ४५ किलोला हात पुसले होते का?

आडव्या बारची ताकद किती वर जाऊ शकते याचा नमुना म्हणजे जर्मनीचा हेरमान गर्नर. १९२० साली लाइपझिगला त्याने एका हाताने ३३० किलो डेडलिफ्ट केल्याची नोंद आहे. तो आकडा उभ्या बारशी ताडून बघायचा नाही. दोन वेगळे खेळ आहेत.

मल्लखांबवाली_ताई
अभियंता म्हणतात ते आम्ही लहानपणी हातापायांनी शिकलो :) पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल चोळतात आणि हाताला राळ लावतात, म्हणजे घर्षण किती हवं ते आपणच ठरवतो. दोरीच्या मल्लखांबावरून आलेल्या मुली पहिल्याच दिवशी उभ्या बारला चिकटतात असं मी पाहिलंय. उभ्या वस्तूला धरायची सवय असते त्यांना.

मात्र मास्तर, बारला राळ लावायच्या फंदात पडू नका. राळेवर उचललेला आकडा तुमचा नसतो, राळेचा असतो. मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर आणा, क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळते. फळ्यावरचा खडू चालणार नाही, ते रसायन वेगळं, घाम तितका शोषत नाही. आणि पावडर कमी लावायची. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे हात केले तर उलट सुटतं.

उनाड_पाखरू
ताई, शाळेतला खडू चालत नाही म्हटल्यावर मास्तरांचं बजेट कोलमडलं.

टेम्सकाठी
मी गेली बरीच वर्षं इंग्लंडात आहे. इथे हा प्रकार जुना आहे आणि लोक त्याला मनापासून मानतात. 'ऑल-राउंड वेटलिफ्टिंग' नावाची एक शाखा आहे, ऑलिंपिकमधून गेलेले, विसरले गेलेले, एका हाताचे, एका बोटाचे असले सगळे प्रकार तिने जपलेत. उभा बार त्यातलाच. डेव्हिड हॉर्न या गृहस्थांनी इथे नुसत्या पकडीच्या स्पर्धा रुजवल्या.

जाड दांड्याचं वेड मात्र त्याहून जुनं. थॉमस इंच नावाच्या इंग्लिश पहिलवानाचा एक डंबेल होता. वजन १७२ पौंड, म्हणजे ७८ किलो, आणि दांडा जवळजवळ ६० मिमी जाड. (गॅस_कटरचा फसवा पाण्याचा पाईप, बरोबर तोच!) तो लोकांना आव्हान द्यायचा, उचलून दाखवा. भलेभले हरले. ७८ किलो जड म्हणून नव्हे. दोन्ही टोकांचे गोळे दांड्याला एकजीव ओतलेले, त्यामुळे उचलायला जावं तर अख्खा डंबेलच मुठीत फिरतो आणि बोटं उघडतो.

दुसरी गोष्ट फ्रान्सच्या अपोलोंची, म्हणजे लुई युनीची. आगगाडीची चाकं लावलेला त्याचा आस ३६६ पौंडांचा, जाडी ४९ मिमी. १९३० साली शार्ल रिगुलो याने तो डोक्यावर नेला. पुढे १९४९ मध्ये जॉन डेव्हिसने नेला. डेव्हिस ऑलिंपिक विजेता, खांद्यात-पायात ताकद मुबलक, पण त्या जाडीवर मूठच बसेना. शेवटी एक पंजा सुलटा, एक उलटा धरून त्याने आस वर खेचला आणि मध्येच हात बदलला. पाठ-पाय तयार आणि हात मागे, ही गत जगज्जेत्याची झाली, तर मास्तर, तुमची जिम हसली त्यात काय एवढं.

कोपर_दुखरे
सगळे उत्साहाने सांगताहेत, मी जरा थंड पाणी ओततो. मी ३८ किलोने सुरू केलं आणि रोज करत होतो. रोज! तिसऱ्या महिन्यात ५५ झाले आणि त्याच आठवड्यात कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ बसली की चहाचा कप उचलेना. पाच महिने बंद. चूक सर्वस्वी माझी. स्नायू महिन्याभरात तयार होतात, स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे फार सावकाश, आणि ते दुखेपर्यंत सांगत नाहीत.

आता काय करतो ते सांगतो. आठवड्यातून दोनदाच, मध्ये निदान दोन दिवस मोकळे. पाच सेकंद स्वच्छ धरता येईल तेवढं वजन, प्रत्येक हाताने चार-पाच उचल, मधे दोन मिनिटं बसायचं. पाचही उचली नीट झाल्या तरच पुढच्या वेळी सव्वा किलो, एरवी आहे तेच. मूठ वर घसरायला लागली की सोडायचं, झगडत बसायचं नाही. तिथे कातडी सोलते आणि मिळत काही नाही. शेवटी भाजीच्या जुडीचं रबर बोटांभोवती घालून पंजा उघडायचा, पंचवीस-तीस वेळा. आयुष्यभर मूठ मिटायचाच व्यायाम केला तर उघडणारे स्नायू मागे पडतात. माझा कोपर या रबराने ताळ्यावर आला. सध्या ६७ किलो आहे, उजव्या हाताने. डावा ६१.

आणि हो, बार तळहातावर थोडा तिरका बसू द्या. काटकोनात दाबून धरायला गेलात तर मनगट अंगठ्याच्या बाजूला मुडपतं.

कृष्णाकाठचा_मास्तर
कोपर_दुखरे, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण मी कालपासून दारामागे लाटण्याला पिशवी बांधून रोज तेच करत होतो. थांबवलं.
अंगठा बोटांवर चढवायचा की मोकळा?

कोपर_दुखरे
बोटं लांब असतील तर चढवा. दोन इंचीला माझा अंगठा तर्जनीला जेमतेम टेकतो, तेवढ्यानेही फरक पडतो. अंगठाच खरा, मास्तर. बोटं सगळ्यांची बरी असतात, हरतो तो अंगठा. अधूनमधून दोन गुळगुळीत प्लेटा पाठीला पाठ लावून चिमटीत धरून उभे राहा, पायावर पडणार नाहीत अशा बेताने.

गॅस_कटर
आणि खाली जुना टायर टाका. फरशी घरमालकाची असेल तर दोन टाका.

कृष्णाकाठचा_मास्तर
*(बारा दिवसांनी)*
मंडळी, बार झाला. भंगारात १३ इंचाचा भरीव तुकडा मिळाला, व्हर्निअरने ५०.६ भरला. खर्च वेल्डिंगसकट ११५० रुपये. वेल्डरने विचारलं हे कशाचं, मी म्हटलं व्यायामाचं, तर त्याने ओवलेल्या ४० किलोसकट बसल्या बसल्या उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "वजन कुठंय यात?"

माझी सुरुवात ३६ किलो. पाच सेकंद, पाच वेळा, दोन्ही हातांनी. सोमवार आणि गुरुवार.

उनाड_पाखरू
त्या वेल्डरला इथलं खातं उघडून द्या.