मदत हवी आहे: मऊ तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) घेतला तरी घोडीच्या कोपरामागे सोलवटतंय

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

घोडी नऊ वर्षांची, 14.2 हँड (म्हणजे 58 इंच) उंच, खांद्यात रुंद आणि पोटाने गोल. खोगीर इंग्लिश पद्धतीचं पण लांब वाद्यांचं (वादी म्हणजे तंगाचं बकल जिला लावतात ती कातडी पट्टी), त्यामुळे तंग आखूड लागतो आणि बकलं खाली बरगडीवर येतात. जुना तंग कातड्याचा, 24 इंची. मध्यंतरी काम वाढलं, घोडी अंगाने उतरली आणि तंग दोन्हीकडे शेवटच्या भोकात जाऊन बसला. तरी खोगीर पुढे सरकायचंच, उतारावर तर हमखास. म्हणून नवीन घेतला: 18 इंची, आतून मेंढीची लोकर, एका टोकाला इलॅस्टिक. म्हटलं, मऊ आहे आणि आखूड असल्याने कसायलाही भरपूर वाव.

तीन आठवड्यांत डाव्या कोपरामागे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उघडी पडली. केस गेलेत, कातडी लाल आहे, कालपासून थोडं पाणी सुटतंय. उजवीकडे अजून फक्त केस विरळ झालेत. शिवाय तंग हातात घेतला की कान मागे टाकते. परवा माझ्या दंडाला दात लावले. हा तिचा स्वभाव नाही.

लोकरीचं आणखी एक कव्हर चढवून रपेट चालू ठेवू का? की तंगच चुकलाय? चुकला असेल तर घ्यायचा कोणता?

पागेवाली

आधी खोगीर खाली ठेवा. उघड्या कातडीवर कितीही मऊ कव्हर घातलं तरी ते घासतंच. जखम भरून वर केस धरेपर्यंत तंग नाही, आणि लाँजिंगचा (लांब दोरीवर गोल फिरवतानाचा) पट्टाही नाही, कारण तोही त्याच जागेवर बसतो. हाताने फिरवा, मोकळी सोडा.

उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा धुवा, टिपून कोरडं करा. माशा बसू देऊ नका. सूज, ऊब किंवा पू दिसला तर डॉक्टरांना बोलवा. धनुर्वाताची लस कधी दिली होती तेही तपासा, घोड्यांना तो फार लवकर होतो. बरं झाल्यावर तिथे पांढरे केस उगवले तर घाबरू नका, दाबाच्या जखमेची खूण तशीच राहते.

चावण्याबद्दल म्हणाल तर सध्या दुखतंय म्हणून चावत असेल. पण जखम भरल्यावरही तंग बघून कान पडत असतील तर जठरात व्रण आहेत का, हे डॉक्टरांना विचारा. घोड्यांत ते बरेच आढळतात आणि तंग आवळताना तक्रार करणं हे त्यांचं एक लक्षण असू शकतं. तिला नाठाळ ठरवायची घाई नको.

रिकीब

सगळा घोटाळा त्या 18 मध्ये आहे. आखूड तंग जितका आखूड, तितकी बकलं खाली येतात. तुमची बकलं नेमकी कोपरापाशी उतरली असणार. घोडी पाय मागे नेते तेव्हा कोपर त्या जाड भागावर घासतं, मग आत लोकर असो नाहीतर रेशीम. "कसायला वाव" हा हिशेब लांब तंगाला एक वेळ चालतो, आखडाला नाही.

खोगीर आणि खालचं पॅड नेहमीच्या जागी ठेवून मोजा. एका बाजूच्या वादीचं मधलं भोक, तिथून छातीखालून दुसऱ्या बाजूचं मधलं भोक. टेप ढिला सोडू नका. येईल तो आकडा तुमचं माप. तंग दोन-दोन इंचांच्या टप्प्याने मिळतात, तेव्हा जवळचा घ्या. मग बकलाची खालची कड कोपराच्या टोकापेक्षा निदान चार बोटं वर येतेय का, ते डोळ्यांनी बघा. फोटो पाठवलात तर बरं.

एका टोकाचं इलॅस्टिक मला कधीच पटलं नाही. ते ताणलं जातं म्हणून एरवी कसलं नसतं इतकं आपण कसतो, आणि ओढ दोन्हीकडे सारखी पडत नाही. घ्यायचंच तर दोन्ही टोकांना असलेलं घ्या, नाहीतर नकोच.

चौखूर

माझं मत कातड्यालाच. निओप्रीन (रबरासारखं कापड) धुवायला सोपं पण घाम आत धरून ठेवतं, काही घोड्यांना त्याने पुरळ येतं. सुती पट्टा स्वस्त आणि मस्त, पण घामाने कडक झाला की सँडपेपर. नायलॉनच्या दोऱ्यांचा तर हातात घेऊ नका, कातडी चिमटते.

रिकीब

चौखूर, कातडंही कोरडं पडलं की तेच करतं. इथे कशाचा आहे यापेक्षा बसतो कुठे, हा प्रश्न आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रपेट बंद केली आहे. माप घेतलं: 22. आणि हो, 18 चं बकल कोपराच्या रेषेतच येतंय, जखम बरोबर त्याच्या खालच्या कडेशी. लोकर उलटून पाहिली तर घाम आणि केस मिळून नमद्यासारखी चिकटलेली. रोज नुसती झटकत होते. लाज वाटली.

पण एक कळत नाही. खोगीर पुढे का सरकतं? 22 घेतला तरी ते सरकणार आणि मी पुन्हा कसत बसणार.

पागेवाली

आता मुद्द्यावर आलात. छातीचा पिंजरा जिथे सर्वांत अरुंद, तिथे तंग आपोआप जाऊन बसतो. आपण मागे बांधला तरी चार पावलांत तो तिकडेच सरकतो. गोल पोटाच्या, रुंद खांद्याच्या घोड्यांत ही खाच बऱ्याचदा अगदी कोपराला लागून, पुढे असते. खोगिराच्या वाद्या मागे आणि खाच पुढे असली की तंग खोगिराला पुढे ओढतो, खोगीर खांद्यावर चढतं. आपण आणखी कसतो. मग आणखी ओढ.

अशा घोडीला सरळ पट्टा नको. कोपरामागे आत वळवलेला, मधे पुढे झुकणारा आकाराचा तंग घ्या: मधला भाग खाचेत बसतो, टोकं मागच्या वाद्यांना सरळ भेटतात. 2013 साली द व्हेटर्नरी जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात तंगाखाली दाब मोजणारी चटई घालून पाहिलं होतं. सगळ्यांत जास्त दाब छातीच्या हाडाखाली नाही, कोपराच्या मागे भरला. वेगळ्या आकाराच्या तंगाने तो उतरला आणि पुढचे पाय जास्त लांब पडू लागले. म्हणजे मऊपणाच्या आधी आकार.

आणि खोगीरही दाखवून घ्या. घोडी उतरली म्हणजे तिची पाठ बदलली, जुनं खोगीर तिला आता तसं बसत नसणार. आतली लोकर दबून गठ्ठे झाले असतील तर ती काढून नवीन भरावी लागते. आपण बोलताना खोगीरभरती म्हणून हिणवतो, घोड्याच्या पाठीला मात्र तीच वाचवते. खोगीर हलत असेल तर तंगाने दाबून धरणं हा उपाय नाही.

रिकीब

वाद्यांचंही बघा. पहिली वादी खोगिराच्या आतल्या एका पट्ट्याला शिवलेली असते, दुसरी-तिसरी मिळून दुसऱ्याला. तीन असतील तर दोन बकलांपैकी एक पहिलीलाच हवं. दुसरी-तिसरी मिळून कधीच नाही, तो एक पट्टा तुटला की सगळंच गेलं. तुमच्या खोगिराला दोनच असतील तर प्रश्न नाही.

धागाकर्ती

दोनच आहेत. आकाराचा 22 इंची, इलॅस्टिक नसलेला कातडी तंग मागवला. खोगीर बघायला माणूस येतोय. जखमेवर खपली धरली आहे. आता राखायचा कसा तेवढं सांगा, म्हणजे पुन्हा नमदा होणार नाही.

चौखूर

रपेट झाली की ओल्या फडक्याने घाम पुसा, मग सॅडल सोप (खोगिराच्या कातड्याचा साबण). हे रोज. तेल कधीमधी, कातडं कोरडं वाटेल तेव्हा आणि थोडंच. तेलात बुडवलेला तंग लांबतो आणि शिवण कुजते. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवू नका, चिरतो. दमट हवेत बंद पेटीत ठेवलात तर बुरशी येणार, तेव्हा टांगून ठेवा. लोकरीचा जुना असेल तर थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवा, मग विंचरा.

आठवड्यातून एकदा बकलाजवळची घडी उलटी वाकवून बघा. कातडं तिथेच आधी तडकतं. शिवण नखाने ओढा. बकलाची जीभ वाकली असेल तर बकल बदला. आणि हा तंग दुसऱ्या घोड्याला देऊ नका. गजकर्ण तंगावरून पसरतं, आणि ते माणसालाही होतं.

पागेवाली

पहिल्या दिवशी हे करा. आधी त्या जागेवर खरारा, मातीचा कण राहायला नको. तंग आधी सैलच लावा, एकेक भोक दोन्हीकडून आळीपाळीने. ती अंग फुगवून धरेल, तेव्हा थोडं चालवा आणि मग पुन्हा एक भोक. मग पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढा, आत अडकलेली कातडी सुटते. तंगाखाली सपाट हात सरकला पाहिजे. मांड टाकण्याआधी एकदा तपासा, दहा मिनिटांनी पुन्हा एकदा.

धागाकर्ती

पाय ओढायचं मला कुणी शिवलंच नव्हतं... शिकवलंच नव्हतं! तंगाच्या शिवणी बघून बघून हे असं. खपली पडून केस आले की फोटो टाकते.