डबल लिफ्ट करताना दोन पाने सरकतात : दोष पत्त्यांचा की पकडीचा?

मी परभणीत राहतो आणि पत्त्यांच्या हातचलाखीचे प्रयोग शिकत आहे. वरची दोन पाने एकच असल्याप्रमाणे उलटून दाखवण्याची क्रिया, म्हणजेच डबल लिफ्ट, करताना उलटण्याच्या क्षणी पाने एकमेकांवरून सरकतात आणि दुसऱ्या पानाची कड समोरच्याला दिसते. दोन पानांखाली करंगळीने फट धरून ठेवणे मला जमते. अडचण त्यानंतरची आहे.

आरशासमोर सराव केला, मोबाइलवर चित्रण करून पाहिले, वेग कमी केला, पाने किंचित वाकवूनही घेतली. बोटांना पावडर लावल्यावर तर पाने अधिकच निसटू लागली.

माझा कॅट गुळगुळीत प्लास्टिकचा आणि सुमारे 57 मिलिमीटर रुंदीचा आहे. जादूगार सहसा बायसिकल या ब्रँडच्या पत्त्यांसारखे सुमारे 63 मिलिमीटर रुंदीचे, पृष्ठभागावर बारीक खळगे असलेले कागदी पत्ते वापरतात, हे मला ठाऊक आहे. परंतु ते येथील दुकानांत मिळाले नाहीत, आणि माझा पंजा लहान असल्याने ऑनलाइन मागवण्यापूर्वी खात्री करून घ्यायची आहे. प्रेक्षक अगदी जवळ बसतात व कॅट स्वतः पिसायला मागतात (आपल्याकडे हा हक्कच समजला जातो), म्हणून खास कापलेले जादूचे पत्ते सुचवू नयेत.

लहान पंजाच्या व्यक्तीने रुंद कागदी कॅटवरच शिकावे, की प्लास्टिकच्या पत्त्यांवरही पाने जुळलेली ठेवता येतात, आणि तसे असल्यास उलटताना अंगठा व मधले बोट नेमके कोणत्या कोपऱ्यावर ठेवावे?